उठलं की मरणारं काम

"मी उठून गेलो की माझं काम का मरतं, बुवा?"

प्रद्युम्न लालबुंद झाला होता. आणि का होऊ नये? ही तिसरी खेप. मठातल्या अकराशे पानी पोथीची छायाचित्रं, मठात बसूनच इंटरनेटवरून, शहरातल्या एका मोठ्या संगणकाला वाचायला लावलेली. तो संगणक उसना, परवा संध्याकाळपर्यंतच मिळालेला. वाचायलाच दीड दिवस हवा. आणि हा गडी लॉगआउट करून जेवायला उठला, की तिकडे सगळं ठप्प.

निरंजनगिरी बुवांनी संन्यासापूर्वी तीस वर्षं संगणकच सांभाळले होते. ते आपले चंदन उगाळत राहिले.

"कुणाचं काम?"

"माझं."

"मग मालकाबरोबर गेलं."

प्रद्युम्नच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "इथे जीव चाललाय आणि तुम्हाला थट्टा सुचतेय."

"पहिल्याच दिवशी 'नोहप' शिकवलं होतं. संगणकाला द्यायच्या आज्ञेआधी तो शब्द लावला, की माणूस गेला तरी काम चालतं."

"ठाऊक आहे. पण मग वाचलेल्या ओळी गुपचूप फाइलीत जाऊन पडतात, पडद्यावर दिसत नाहीत. आठ महिने एकेक पान मी सरळ केलं, धूळ मी खाल्ली. आणि उमटणारी ओळ मीच बघायची नाही? हा कुठला न्याय?"

बुवा उठले. त्याला गाभाऱ्यात नेलं, हाती तांब्या दिला.

"पिंडीवर धार धर. तुटू देऊ नकोस. आणि जेवून ये."

"दोन्ही एकदम कसं जमेल?" तो फणकारला.

बुवांनी तांब्या काढून घेतला, वर टांगलेल्या अभिषेकपात्रात रिकामा केला. पात्राच्या तळातून पिंडीवर थेंब पडू लागले.

बुवा मागे वळून न बघता बाहेर पडले.

...

प्रद्युम्न धुसफुसत खोलीत आला. आज्ञा लिहिली. दातओठ खात तिच्याआधी तो शब्द लावला. काम सुरू झालं. पडद्यावर एक ओळही उमटेना.

तो तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळाने बुवा दारात आले.

"लावलंस?"

"लावलं. पण दिसत काहीच नाही. या वेळी मेलं तर पुन्हा वेळ नाही, बुवा. मी इथून हलणार नाही."

...

बुवांनी गाभाऱ्याकडे बोट केलं; पिंडीवर थेंब अजून पडत होते. "लॉगआउट कर," बुवा म्हणाले. "आमटी निवतेय."