गेनबा, रिमोटचा ट्रक आणि लाल दोरी

एका गावात एक भोळा गडी होता, गेनबा नावाचा. भोळा म्हणजे वेडा नव्हे. उलट सांगितलेलं ऐकणारा गडी. इतका ऐकणारा, की गाव त्याला काही सांगायलाच भ्यायचं.

डेअरीवाल्यानं सांगितलं, "कॅन रिकामा ठेवू नकोस." गेनबानं पाण्यानं भरला. गिरणीवाला म्हणाला, "एकाचं पीठ दुसऱ्याच्या पिठात मिसळू देऊ नकोस." गेनबानं दिवसभर काही दळलंच नाही. दोन्ही नोकऱ्या गेल्या. शेवटी त्याची आई हौसाबाई बाबालाल मिस्त्रीच्या गॅरेजात जाऊन बसली आणि गेनबाला कामावर ठेवल्याशिवाय उठेना.

मिस्त्रीला त्या वेळी वेगळंच वेड लागलेलं. जत्रेत रिमोटच्या ट्रकांची शर्यत सुरू झाली होती. हातभर लांबीचे ट्रक, पण खेळण्यातले नव्हेत. आत खरं इंजिन, नायट्रो नावाच्या इंधनावर चालणारं. धूर सोडत असे पळायचे की कुत्री वाट सोडायची. नवा ट्रक परवडेना, म्हणून मिस्त्रीनं शहरात एक वापरलेला ठरवून ठेवला होता.

गॅरेजात खिळ्याला एक इस्त्रीचा निळा शर्ट टांगलेला असायचा. खिशावर गॅरेजचं नाव. गेनबा येता-जाता त्याच्याकडे बघायचा. मिस्त्रीला ते कळलं.

"गेनबा, शर्यतीच्या शेवटाला आडवी लाल दोरी बांधत्यात," मिस्त्री म्हणाला. "तेवढी दोरी तुटली की ह्यो शर्ट तुझा. नोकरी पक्की."

गेनबाला त्या रात्री झोप आली नाही. आयुष्यात एवढं सोपं त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

सकाळी मिस्त्रीनं त्याला ट्रक आणायला धाडलं. "जुना माल हाय. वरनं चकचकीत असतोय. खोलून बघितल्याबिगर घेऊ नगं."

गेनबा गेला तो संध्याकाळी परतला. खांद्यावर पोतं. पोत्यात खुळखुळ आवाज.

"ट्रक कुठं हाय?"

"ह्यो काय," म्हणत गेनबानं पोतं रिकामं केलं. एकशे बारा तुकडे. "सगळा खोलून बघितला, मिस्त्री. आत काय वाईट न्हाई."

मिस्त्रीनं दोन दिवस बसून ट्रक जोडला. दात-ओठ खात म्हणाला, "आता स्क्रूला ते चिकट औषध लाव आन् घट्ट आवळ. ह्यो ट्रक थरथरतोय, स्क्रू ढिलं पडत्यात. काय हलाय नगं."

"चुकलं माझं. आता ध्यानात ठेवतो," गेनबा म्हणाला.

आणि त्यानं ते ध्यानात ठेवलं. सगळा घोळ तिथंच झाला. स्क्रू झाले, तरी चाकं हलत होती. त्यानं चाकांना औषध लावलं. पुढची चाकं डावी-उजवी वळत होती, तीही चिकटवली. ट्रक दगडासारखा बसला. मिस्त्रीनं इंजिन सुरू केलं, तर ट्रक नुसताच जागेवर खोकत राहिला.

"अरं गाढवा, जे फिरायचं ते फिराय नगं व्हय? सोडव समदं! फिरणाऱ्या जागंला तेल सोडायचं. दोन थेंब."

"चुकलं माझं. आता ध्यानात ठेवतो."

गेनबानं चाकांत तेल सोडलं. ते बरोबर होतं. मग त्याला आत आणखी एक चकती फिरताना दिसली. तीही फिरतेच की! तिला चार थेंब सोडले, जरा लाडानं. ती ब्रेकची चकती होती.

गॅरेजामागच्या मैदानात ट्रक सुटला. काय सुटला! मिस्त्रीचे डोळे भरून आले. मग त्यानं ब्रेक दाबला. ट्रक थांबेना. समोर भाभींची, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोची, शेळी दोरीला बांधलेली. ट्रक त्या दोरीत घुसला, दोरी चाकाला गुंडाळली, शेळी बिथरली आणि खुंटा उपटून पळाली. पुढं शेळी, शेळीमागं ट्रक, ट्रकमागं गेनबा, गेनबामागं मिस्त्री आणि सगळ्यांच्या मागं भाभी, हातात पोळपाट घेऊन. ग्रामपंचायतीपाशी मिस्त्रीनं शेळीवर झडप घातली. शेळी हाती आली, पण मिस्त्रीचं मनगट गेलं.

मनगटाला प्लास्टर घालून मिस्त्री परत आला. आवाज शांत होता. ते जास्त वाईट.

"ब्रेकला तेल घालत्यात व्हय रं? आधी त्यो पुसून कोरडा ठणठणीत कर. आन् दुसरं ऐक. आडवी दोरी दिसली की ब्रेक मारायचा. कुठलीबी दोरी असू दे. दोरीत गाडी घालायची न्हाई म्हंजी न्हाई!"

"चुकलं माझं. आता ध्यानात ठेवतो."

गेनबा पुसायला बसला. ब्रेक पुसला. मग हात थांबेना. इंजिनाला हवा जाते त्या तोंडावर एक स्पंज असतो, तेलात भिजवलेला. धूळ त्यालाच चिकटते, आत जात नाही. गेनबानं तो साबणानं धुतला, पिळला आणि उन्हात वाळत घातला.

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. एकच हात चालत होता, तोच मारला. "अरं, इंजिनाच्या पोटात धूळ गेली तर ते मेलं! धूळ आत जाऊ द्यायची न्हाई."

"चुकलं माझं. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी इंजिन काही केल्या सुरू होईना. मिस्त्री एका हातानं इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून घामाघूम झाला. शेवटी वाकून बघितलं, तर हवेच्या तोंडात चिंधी आणि धुराच्या नळीतही चिंधी.

"आता कुठनंच धूळ जात न्हाई," गेनबा म्हणाला.

मिस्त्री बराच वेळ शेळीकडे बघत बसला.

जत्रा उद्यावर आली. मिस्त्रीचा हात गळ्यात. ट्रक चालवणार कोण? गेनबाच. आणि गंमत म्हणजे रिमोट हातात आला की गेनबा फार सुरेख चालवायचा. त्याच्या डोक्यात दुसरा विचारच नसायचा.

"आता चुकायच्या आधीच सांगतो," मिस्त्री म्हणाला. "रिमोट आधी बंद करायचा न्हाई. आधी गाडी बंद, मग रिमोट. न्हाईतर गाडी मोकाट सुटती."

"ध्यानात ठेवतो," गेनबा म्हणाला. या वेळी चुकलं नव्हतं, म्हणून तेवढं गाळलं.

जत्रेच्या दिवशी हौसाबाईनं ट्रकला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. चालवणारे सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहिले. खाली अकरा ट्रक. दहा फेऱ्या. गर्दीत मिस्त्री निळा शर्ट काखेत धरून उभा होता. गॅरेजातून निघतानाच घेऊन आला होता, म्हणजे आशा होती.

पहिल्या फेरीत गेनबा चौथा. तिसऱ्या फेरीत दुसरा. सहाव्या फेरीत दोन ट्रक एकमेकांवर चढले, गेनबाचा मधून सुळकन निघाला. नवव्या फेरीत तो सगळ्यांच्या पुढं होता, अर्ध्या मैदानानं पुढं. लोक नाचायला लागले. भाभींनी शेळीचा मुका घेतला.

दहावी फेरी. शेवटचं वळण. समोर सरळ वाट आणि वाटेच्या टोकाला शेवटच्या फेरीसाठी दोन काठ्यांना आत्ताच बांधलेली, वीतभर उंचीवरची लाल दोरी.

आडवी दोरी!

गेनबानं ब्रेक मारला. ब्रेक कोरडा ठणठणीत होता. ट्रक दोरीपासून चार बोटांवर जागच्या जागी थांबला.

"तोड!" मिस्त्री बोंबलला. "अरं दोरी तोड, गेनबा! दोरी तोड!"

गेनबाचा चेहरा उजळला. एवढंच ना! तो ट्रॉलीतून खाली उतरला. चालत ट्रकपाशी गेला. आधी इंजिन बंद केलं. मग रिमोट बंद केला. रिमोटला धूळ लागू नये म्हणून टोपी काढून खाली अंथरली आणि तिच्यावर ठेवला. खिशातून पक्कड काढली, दोरी चिमटीत धरली आणि कचकन तोडली.

तेवढ्यात मागून दुसऱ्या नंबरवरचा, सुतारमळ्यातल्या गड्याचा ट्रक आला. वाटेत आता दोरी नव्हती, त्याला कसलाच अडथळा झाला नाही. तो गेनबाच्या दोन पायांच्या मधून भुर्रकन पलीकडं गेला. तिकडं सुतारमळ्याची हलगी वाजायला लागली.

गेनबानं वळूनही पाहिलं नाही. तुटलेली दोरी हातात घेऊन तो गर्दीतून वाट काढत मिस्त्रीपुढं येऊन उभा राहिला. अंगातल्या सदऱ्याची बटणं त्यानं येता-येताच सोडली होती.

"तुटली, मिस्त्री," तो म्हणाला. "आणा शर्ट."