राजाची कादंबरी आणि केरूची जांभई

मकरध्वज राजाने कादंबरी लिहिली आणि यंदाचा राजपुरस्कार तिलाच जाहीर झाला. निवड समितीत पाच म्हातारे शास्त्री. पुस्तक उघडायचा त्यांना भारी कंटाळा. लेखकाचं नाव पाहिलं आणि जेवणाचं आमंत्रण आलं, की परीक्षण तयार!

रिवाजाप्रमाणे पुरस्काराच्या पुस्तकाचं दरबारात वाचन सुरू झालं. राजामागे चवरी ढाळणाऱ्या केरूला जांभई आली. चांगली ऐसपैस, आवाजासकट. केरू थेट कोठडीत.

दुसऱ्या दिवशी त्याची बहीण सगुणा दरबारात आली. पुरस्काराचे हार तीच गुंफायची.

"महाराज, भावाला सोडा."

"सोडतो. त्याआधी माझ्या कादंबरीचं परीक्षण कर. स्तुती चालणार नाही, स्तुती करणारे पाच जण पाळलेत मी. निंदा केलीस तर भावाशेजारी बसवीन. आणि गप्प राहिलीस तर तो कायमचा आत!"

पाचांतले दामोदरशास्त्री खुसुखुसू हसले. "पोरी, हार गुंफ जा. समीक्षा म्हणजे शेवंती नव्हे."

"खरंय शास्त्रीबुवा. शेवंती हुंगावी तरी लागते." मग ती राजाकडे वळली. "आधी वाचते तर खरं. इथंच, मोठ्यानं. तुमची जेवणं झाली की बसू."

दुपारी पुरणपोळ्या जिरवत दरबार बसला. सगुणा वाचू लागली. पहिल्या प्रकरणात नायक पलंगावरून उठत होता. दुसऱ्यातही उठतच होता. शास्त्रीमंडळी डोळे मिटून, ती श्वास घ्यायला थांबली की "वा, वा" करत होती.

सगुणेचा घसा सुकला. पुस्तकातून मान वर काढून ती म्हणाली, "कुणी पाणी देता का?"

"वा!" दामोदरशास्त्री डोळे न उघडताच डोलले. "काय तहान दाखवली आहे हो! साऱ्या मानवजातीची!"

दरबार फिस्सकन हसला. राजा तेवढा हसला नाही. त्याची मान छातीवर पडली होती. तिसऱ्या प्रकरणात नायकाचा एक पाय जमिनीला टेकतो न टेकतो, तोच सिंहासनावरून घुर्रऽऽ असा आवाज आला.

सगुणेनं पुस्तक मिटलं. वाचन थांबताच राजा दचकून उठला.

"वा, वा," त्याच्याही तोंडून निघालं. "कुणाचं म्हणायचं हे?"

"तुमचंच, महाराज."

राजानं मिशीवरून हात फिरवला. "बरं, ते परीक्षण?"

"झालं की. मी स्तुती केली नाही, निंदा केली नाही, आणि गप्प तर मुळीच बसले नाही. आता एवढंच सांगा, जांभईला कोठडी, तर घोरण्याला काय?"

शास्त्र्यांचे डोळे एकदम उघडले. राजा मात्र असा हसत सुटला की मुकुट घरंगळून मांडीवर आला. केरूला तिथल्या तिथे सोडलं. राजानं पुरस्काराची शाल स्वतःच्या खांद्यावरून काढून सगुणेला पांघरली आणि वर कादंबरीची प्रत हातात दिली.

"शाल ठेवते," सगुणा म्हणाली. "पुस्तक शास्त्रीबुवांना द्या. त्यांचं वाचायचं राहिलंय."

"देतो!" राजा डोळे पुसत हसला. "आणि वाचून संपेपर्यंत पाचही जणांना पुरणपोळी बंद!"