रिकाम्या खाणीतली सोनमाखी

फार जुनी गोष्ट. डोंगरातल्या खाणीतलं सोनं संपलं, तांबं संपलं, माणसं निघून गेली. मागे उरली सोनमाखी नावाच्या पिवळ्या दगडाची एक ढेप. सोन्यासारखी चकाकणारी, म्हणून कामगारांनी हौसेनं उचललेली आणि शिव्या देत फेकलेली. आता तुलनेला कुणी नाही म्हटल्यावर तिनं जाहीर केलं, "आजपासून मीच सोनं!" भिंतीवरच्या तांब्याच्या हिरव्या डागांनी लगेच माना डोलावल्या.

पोटात सोन्याची बारीक शीर दडवून बसलेली गारगोटी म्हणाली, "बाई, हळू बोल. सोन्याचं नाव निघालं की हातोडा येतो."

"जळतेस मेले!" सोनमाखी फणकारली.

एके दिवशी कंदील घेऊन एक माणूस आला. सोनमाखी जिवाचा आटापिटा करून चकाकली. पारख करायला त्यानं हातोडा हाणला. सोनं असतं तर चपटं झालं असतं. हिचा चुरा झाला. माणूस थुंकून चालता झाला.

गारगोटी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच खाली भांडण जुंपलं. चुऱ्यातला कण न् कण ओरडत होता, "अस्सल सोनं मीच!"