पांढरीचे पाय

कोंबड्या अजून माणसांसारख्या तावातावानं भांडायच्या, त्या काळची गोष्ट. कौसाबाईच्या शेडचा पत्रा वैशाखात असा तापला, की ब्रॉयलर कोंबड्या चोची वासून धापा टाकू लागल्या. मक्याच्या भरड्याला कुणी तोंड लावेना. पांढरी तर लोळागोळा होऊन पडली होती.

कौसाबाईनं भांड्यात वाळवलेल्या अळ्या ओतल्या.

"शी! किडे?" पांढरी पुटपुटली. "आम्ही शेडमधल्या. उकिरड्यावरचं आम्ही खात नाही!"

जाळीबाहेरून गावरान चंद्री कडाडली, "अगं बये, नखरे पुरे! एक तरी उचल, नाहीतर संध्याकाळपर्यंत मान टाकशील!"

पांढरीनं डोळे मिटून एक अळी गिळली. मग दुसरी! तिसरी! "अगं बाई, काय चव गं ही!" ती ओरडली, तशा सगळ्याजणी भांड्यावर तुटून पडल्या. बघता बघता भांडं रिकामं! एक अळी तेवढी खालच्या तुसात पडली होती. ती शोधायला पांढरीचा पाय आपोआप उकरू लागला. आधी उजवा, मग डावा.

"चंद्रे, बघ, बघ!" पांढरी हरखून गेली. "हे मला कुणी शिकवलं गं?"

"आणखी कोण शिकवणार?" चंद्री म्हणाली. "आपल्या दोघींच्या आजीनं!"