तात्यांच्या कात्रीचे दाते

त्या वर्षी ठिगळनाथ महाराजांचा मुक्काम निंबगव्हाण गावी होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला जाखाईचे देऊळ आहे. त्याच्या ओसरीवर महाराज आषाढात येऊन बसले, ते दिवाळीपर्यंत उठले नाहीत. अंगात एकच कफनी, आणि तिला इतकी ठिगळे की मूळ कापड कोणते हे शोधूनही सापडू नये. कोणी नवी कफनी आणून दिली, तर महाराज ती पहिल्या उघड्या अंगाच्या माणसाला देऊन टाकीत आणि आपल्या जुनीवर आणखी एक ठिगळ लावून घेत. ते ठिगळ लावण्याचे भाग्य गावात एकाच बाईला लाभले होते. तिचे नाव गोदूबाई.

गोदूबाई ही दामोदर शिंप्याची विधवा. नवरा गेला तेव्हा मागे उरली एक खोली आणि एक कात्री. ही कात्री तिच्या सासऱ्यांची, तात्यांची. तात्यांनी मरतेवेळी दोन मुलांना जवळ बोलावून वाटणी केली होती. पेठेतले दुकान धाकट्या रावजीला दिले आणि कात्री थोरल्या दामोदरला. वर चार माणसांदेखत म्हणाले, "दुकान कुनीबी चालवंल. ही कात्री दामूच सांभाळील." झाले! एवढे भरभराटीचे दुकान पदरात पडले, तरी रावजीच्या मनात ते वाक्य जे रुतून बसले ते बसलेच.

तसा रावजी कसबी. पाटलाचा कोट असो की नवरदेवाचा अंगरखा, त्याने बेतलेल्या कापडाला नाव ठेवायला जागा नसे. सारा गाव त्याला रावजीमास्तर म्हणे. पण हत्याराच्या बाबतीत त्याचा हात आडदांड. ज्या कात्रीने मलमल कापायची तिनेच तो कॉलरचा पुठ्ठा कापी, तंबाखूच्या पुड्याची सुतळी कापी, आणि एकदा तर त्याने तिनेच वहाणेचा अंगठा छाटला होता. काम झाले की कात्री उघडीच ओट्यावर पडे. पावसाळ्यात तिला गंज चढे. मग शिकलगाराला बोलावून सहाणेवर घासूनघासून तिची पाती पार पातळ करून टाकायची आणि वर्ष संपायच्या आत नवी आणायची. दोष नेहमी शिकलगाराचा, नाहीतर लोखंडाचा. मास्तरांचा कधीच नाही!

गोदूबाईचे सगळे उलटे. ती पोरांच्या कुंच्या शिवी, टोपरी शिवी, वाकळा शिवी. कापड सोडून दुसरे काही त्या कात्रीपुढे धरायचे नाही, हा तिचा नेम. काम संपले की पात्यांवरची कापसाची बारीक लव पुसायची, मधल्या खिळ्याला तेलाचा थेंब द्यायचा, आणि फलाणीच्या फडक्यात, मऊ बाजू आत करून, गुंडाळून कोनाड्यात ठेवायची. रावजी येताजाता हसे. "काय वहिनी, निजवलं का लेकराला? अंगाई म्हनली का न्हाई?" दुकानातली माणसे खो खो हसत. गोदूबाई पदर सावरून पुढे जाई.

एकदा ठिगळ लावून झाल्यावर ती खिळ्याला तेल देत होती. महाराज म्हणाले, "माय, कात्रीला तेल पाजतेस. तुझ्या भाकरीवर असतं का गं कधी?"

ती म्हणाली, "म्या दोन दिस कोरडं खाल्लं तर मरत न्हाई, महाराज. ही कोरडी ऱ्हायली तर गंजंल."

महाराज फार प्रसन्न झाले. म्हणाले, "जे आपल्यापायी झिजतं त्याला जपणं, याहून वेगळी पूजा मला तरी माहीत नाही."

आणि नवरात्र आले. दसऱ्याला जाखाईची पालखी शीव ओलांडायला निघते, तेव्हा पुढे नवे निशाण असते. खंडेनवमीला गावातली सगळी हत्यारे पूजेला बसतात. नांगराच्या फाळापासून शिंप्याच्या सुईपर्यंत त्या दिवशी कशालाच हात लावायचा नाही. त्यामुळे निशाण अष्टमीलाच कापून शिवून झाले पाहिजे, अशी तिथली रीत. हा मान वर्षानुवर्षे रावजीचा. त्या वर्षी पाटलीणबाईंनी नवस फेडायचा म्हणून निशाणासाठी लालभडक रेशीम आणवले होते. तेवढा एकच तुकडा. त्यात एक वेडीवाकडी कातर गेली असती तर दसऱ्याच्या आत दुसरा मिळणे शक्य नव्हते.

षष्ठीच्या आरतीनंतर महाराज सहज म्हणाले, "यंदाचं निशाण गोदू कापील."

रावजीच्या कानशिलात कोणी मारावी तसे त्याला झाले. तो उसळून म्हणाला, "महाराज, नवरा गेलेल्या बाईच्या हातानं देवीचं निशान? गाव काय म्हनंल?"

"देवीला कुणाचे हात चालतात, हे देवी ठरवील की तू?" महाराजांनी विचारले. आवाज अगदी शांत होता. गोदूबाई घाबरून म्हणाली, "नगं महाराज. मान भावजींचा हाय, त्यास्नीच द्या." पण रागाने आंधळ्या झालेल्या माणसाला नम्रतेतही नखरा दिसतो. रावजीला वाटले, ही आपल्याला मोठेपणा दाखवते आहे.

पुढचे सांगायला माझी जीभ अडखळते, सज्जनहो, पण सांगितलेच पाहिजे. सप्तमीच्या दुपारी गोदूबाई देवळात फुले निवडायला गेली असताना रावजी तिच्या खोलीत शिरला. खिशात कुंपणाच्या तारेचा तुकडा घेऊनच गेला होता. त्याने कोनाड्यातली कात्री काढली, फडके सोडले आणि पात्यांमध्ये तार धरून मूठ आवळली. एकदा टोकाशी, आणि दोनदा मधोमध. पात्यावरून नख फिरवले तर नख तीन ठिकाणी अडकले. आपल्या बापाने ज्या धारेला उभ्या जन्मात ओरखडा येऊ दिला नाही, तिला दाते पाडून, कात्री घाईघाईने फडक्यात गुंडाळून ठेवून तो घरी आला. बायकोने जेवायला वाढले, पण त्याला भूक नव्हती.

अष्टमीला दुपारी देवळापुढे सारा गाव जमला. चौरंगावर ते लाल रेशीम पसरलेले. पाटलीणबाई हात जोडून उभ्या. गोदूबाई आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने कात्री महाराजांच्या पुढ्यात ठेवली आणि पुन्हा म्हणाली, "महाराज, अजून सांगत्ये. भावजींच्या हातानं होऊ द्या. त्यांच्या कात्रीनं होऊ द्या."

महाराजांनी रावजीकडे पाहिले. "रावजी, तू जाणता माणूस. वहिनीची कात्री एकदा पाहून दे. रेशमाला चालेल ना?"

रावजीच्या हातात बापाची कात्री आली. अंगठ्याखाली तिन्ही दाते लागले. महाराजांनी त्याच्यासाठी दार सताड उघडे ठेवले होते! 'धार गेली आहे, आज हिने कापू नका' एवढे बोलला असता, तरी रेशीम वाचले असते, भावजय वाचली असती आणि त्याचे पाप कोणाला कळलेही नसते. पण त्याने स्वतःचाच आवाज ऐकला, "लई झ्याक हाय, महाराज. काय धार हाय!"

"असं? बघू तात्यांचं हत्यार," म्हणत महाराजांनी कात्री घेतली. उजव्या मुठीत पाते धरून, तलवार पुसावी तसे ते मुठीतून सावकाश ओढले. मग डाव्या हाताने कात्री गोदूबाईला दिली आणि उजवा हात कफनीच्या आत घेतला. "काप, माय. जाखाईचं नाव घे."

गोदूबाईने डोळे मिटले, उघडले, आणि रेशमात कातर घातली. रावजीने मान फिरवली. आता कापड अडकेल, दात्यांत धागा ओढला जाईल, पाटलीणबाई किंचाळतील, हे त्याला इतके स्पष्ट दिसत होते की त्याने कान झाकण्यासाठी हात वर नेले. पण ओरडा झालाच नाही. आला तो फक्त सरसर सरसर आवाज. लहानपणी तात्यांच्या मांडीला टेकून बसला असताना ऐकलेला तोच. त्याने वळून पाहिले. कात्री रेशमातून एकसारखी चालली होती. टोकापाशी अडली नाही, मध्ये अडली नाही. निशाण कापून झाले आणि कडेला एक धागासुद्धा लोंबत नव्हता. "जाखाईच्या नावानं चांगभलं!" गावाने एकच गजर केला.

रावजीला वाटले, काल आपल्याला भास झाला असेल. पण थोड्या वेळापूर्वी तर अंगठ्याला दाते लागले होते! गोदूबाई शिवायला बसली तशी त्याने पुढे होऊन कात्री उचलली आणि पात्यावरून नख फिरवले. नख टोकापर्यंत विनाअडथळा गेले.

निशाण शिवून काठीला चढले आणि महाराज प्रसाद वाटू लागले. डाव्या हाताने! म्हातारे पुजारी चुळबुळले. "महाराज, परसाद डाव्या हातानं?"

महाराज हसले. "उजवा आज गुंतलाय, बाबा. देवीला सांगितलंय मी."

रांगेत रावजीची पाळी आली. त्याने ओंजळ पुढे केली. महाराजांनी डाव्या हाताने तिच्यात प्रसाद घातला. मग कफनीतून उजवा हात बाहेर काढला आणि त्याच्यापुढे तळहात उघडला.

तळहातावर तीन जखमा होत्या. एक बोटांच्या पेरांशी, आणि दोन मधोमध, एकमेकींना खेटून. कफनीचे आतले ठिगळ रक्ताने भिजले होते. त्या जखमांमधले अंतर साऱ्या गावात एकाच माणसाच्या ओळखीचे होते.

रावजीच्या ओंजळीतला प्रसाद खाली सांडला. लाज म्हणजे काय ते त्याला त्या क्षणी कळले. चारचौघांत फजिती झाली की माणूस ओशाळतो, ते वेगळे. इथे तर कोणालाच काही ठाऊक नव्हते. मागची माणसे "सरका मास्तर, सरका" म्हणत होती. तो गप्प राहिला असता तर महाराजही गप्प राहिले असते, हे त्यांच्या डोळ्यांत त्याला स्वच्छ दिसत होते. ते डोळे रागावले असते तर बरे, असे त्याला वाटले. पण त्या डोळ्यांत नुसती माया होती, आणि तीच सोसवेना. तो महाराजांच्या पायांवर डोके ठेवून ओरडला, "म्या केलं! म्या काल वहिनीच्या कात्रीनं तार कापली! आन् आज समद्यांम्होरं खोटं बोललो! ह्यो हात माझा तोडा, महाराज, तुमचा कशापायी कापून घेतला!"



महाराज म्हणाले, "दाते पडले होते, रावजी. ते कुठंतरी जायलाच हवेत. तिच्या पदरात पडू नयेत, एवढंच मी पाहिलं. पण माझ्या पायांशी काय करतोस? माझं तू काही बिघडवलं नाहीस."

तेव्हा रावजी उठला. ज्या बाईला तो भरपेठेत हसत आला होता, तिच्यापुढे जाऊन जमिनीला डोके टेकले. "वहिनी, लाथ मारा, पन बोला."

गोदूबाईने पाय मागे घेतले. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "उठा भावजी. मला कालच कळलं हुतं."

"कालच?"

"फडकं उलटं गुंडाळलेलं हुतं. फलाणीची मऊ बाजू भाईर. म्या पातं बघितलं. आन् घरात तुमच्या तंबाखूचा वास."

"मग बोलला का न्हाई? बोंब का न्हाई मारली?"

"काय बोलू? तात्यांच्या लेकानं तात्यांची कात्री मोडली, म्हून सांगू गावाला? तात्यांचं नाव गेलं असतं." तिने पदराने डोळे पुसले. "म्हून तर म्हनत हुते, तुमच्या कात्रीनं होऊ द्या. महाराजांनी काप म्हनल्यावर मंग म्या मागं फिरले न्हाई."

आपण जिला बुडवायला निघालो, ती रात्रभर आपलीच अब्रू झाकीत बसली होती! रावजीला वाटले, धरणीने पोटात घ्यावे. धरणी कशाला घेते? ते डोके, तो चेहरा घेऊन त्याला त्या सगळ्या माणसांतून चालत घरी जावे लागले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारे पूजेला मांडायच्या आधी महाराजांनी तात्यांची कात्री रावजीच्या हातात दिली. महाराजांच्या तळहाताला गोदूबाईने आपल्या लुगड्याची पट्टी बांधली होती. "ही तू पूस," ते म्हणाले. रावजीला ती कशी पुसायची हेही धड ठाऊक नव्हते. गोदूबाईने दाखवले. आधी खिळ्याजवळची लव काढा, मग पाते मागून पुढे पुसा, मग तेलाचा थेंब, मग दोनदा अलगद उघडमीट. तो लहान पोरासारखे तिचे ऐकत होता आणि त्याची आसवे पात्यावर पडत होती. "आसवं नगं भावजी," ती हळूच म्हणाली, "गंज चढंल." त्याने पाते पुन्हा कोरडे केले.

महाराजांच्या जखमा भरल्या, पण तळहातावरच्या तीन खुणा अखेरपर्यंत राहिल्या. दर्शनाला आलेली माणसे पाय धरीत. रावजी मात्र दर वेळी तो हात शोधी. त्या वर्षी दुकानासाठी आणलेली कात्री त्याने पुढे म्हातारपणापर्यंत वापरली. पुठ्ठ्याला वेगळी, सुतळीला वेगळी, कापडाची कापडालाच. गिऱ्हाइके कौतुकाने विचारीत, "मास्तर, एक कात्री इतकी वर्षं टिकली तरी कशी?"

रावजी कात्री पुसून फलाणीत ठेवी, मऊ बाजू आत करून. मग देवळाच्या दिशेने मान झुकवून म्हणे, "माझ्या हातात न्हाई टिकली, बाबा. त्यांच्या हातावर टिकली."

त्या तळहाताला आपणही सारे मस्तक टेकू या.