सदोबाने भरलेली खिडकी

डोंगराआडच्या एका गावात सदोबा नावाचा रंगारी होता. भिंत रंगवावी तर त्यानेच. त्याने रंगवलेल्या घरात बोटाएवढी कोरी जागा सापडायची नाही, आणि याचा त्याला भारी गर्व होता.

त्याच गावात म्हातारी अंबाक्का जलरंग शिकवायची. एका वेळी चारच शिष्य, तिच्या ओसरीवर, एकाच घोंगडीवर. तिच्याकडे काढलेलं चित्र प्रत्यक्षात उतरतं, असं लोक हळू आवाजात सांगत. सदोबाला त्याचं हसू येई. पण त्याच्या आईवेगळ्या लेकीला, रेवूला, आपल्या घराचं चित्र हवं होतं. म्हणून तो शिकायला बसला.

अक्काने आधीच बजावलं, "आपल्या पेटीत पांढरा रंग न्हाई. उजेड कागदातच असतो. जिथं उजेड हवा, तिथं कागद कोरा सोडा."

मग प्रत्येकाने आपापलं दिवेलागणीचं घर काढायला घेतलं. बाकी तिघांनी खिडकीपुरता कागद सोडला. सदोबाने आकाश भरलं, भिंती भरल्या. मधली पांढरी खिडकी मात्र त्याच्या डोळ्यांत खुपू लागली.

"सदोबा, तेवढी राहू दे," अक्का म्हणाली.

"अक्का, कोरी जागा सोडली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील की," तो हसून म्हणाला. त्याने कुंचला काळ्यानिळ्या रंगात बुडवला आणि खिडकी भरून टाकली.

तो घरी पोचला तेव्हा गावात दिवे लागले होते. त्याच्याही घरात दिवा होता. ज्योत दिसत होती, पण तिचा उजेड कुठेच पडत नव्हता. भिंत दिसेना, उंबरा दिसेना, ज्योतीजवळ धरलेला स्वतःचा हातही दिसेना.

"अप्पा, कुठं हाय तुम्ही?" रेवूचा आवाज आला.

"हितंच हाय गं. दिव्यापाशी ये."

"कवाची येतीय. दिवाच लांब चाललाय."

घर दोन खोल्यांचं, पण आवाज दूर दूर जात राहिला. सदोबाला आपण भरून टाकलेली खिडकी आठवली. तो धावत अक्काकडे आला आणि तिचे पाय धरले.

अक्काने चित्र त्याच्यापुढे ठेवलं. एक वाटी स्वच्छ पाणी दिलं, मऊ फडकं दिलं. "खिडकी भिजव. रंग सुटला की टिपून घे. घासू नको, कागद फाटंल."

"फाटला तर?"

अक्काने वाटी त्याच्याजवळ सरकवली.

भिंती खरवडून राठ झालेल्या हातांनी त्याने सुरुवात केली. भिजवायचं, थांबायचं, टिपायचं. थांबणं फार जड जाई, कारण थांबलं की कागदातून बारीक हाक ऐकू येई. "अप्पा..."

हळूहळू खिडकी फिकट झाली. हाक बंद पडली. सदोबा जीव मुठीत धरून घराकडे पळाला. रेवू दिव्याजवळ अंग चोरून बसली होती. त्याने तिला छातीशी धरलं आणि तो ढसाढसा रडला.

पण कागदाने रंग पिऊन घेतला होता, तो पुरता निघाला नाही. तेव्हापासून त्या घरात दिव्याचा उजेड निळसर पडतो आणि एका कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. दिवेलागणीला कधीकधी त्या कोपऱ्यातून रेवूच्याच आवाजात हाक येते, "अप्पा, कुठं हाय तुम्ही?" सदोबा ओ देत नाही. शेजारी बसलेल्या रेवूचा हात तो घट्ट धरून ठेवतो.

तात्पर्य: हात कुठे थांबवायचा हे ज्याला कळत नाही, त्याचं कसबच त्याच्या घरात अंधार करतं, आणि एकदा झाकलेला उजेड पुन्हा उघडला, तरी तो पहिल्यासारखा होत नाही.