कातळावरचा पूर

फार जुन्या काळी एका जंगलात मोठा पूर आला. तेव्हा ससा, कोल्हा, साळिंदर आणि रानडुक्कर एकाच उंच कातळावर दाटीवाटीनं बसले, म्हणून वाचले. पाणी ओसरल्यावर त्या दिवसाचं चित्र गेरूनं कातळावर काढायचं ठरलं. नियम एकच होता. कुणी स्वतःला काढायचं नाही, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला काढायचं.

तिथंच प्रत्येकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"कोल्हा मला रडताना दाखवणार," ससा साळिंदराच्या कानात म्हणाला.

"तुझं सोड. ते डुक्कर माझे अर्धे काटे गाळतंय की नाही बघ," साळिंदर म्हणालं.

कोल्ह्याला या दोघांची कुजबुजच खटकली.

सगळे कातळाभोवती एकामागे एक उभे राहिले आणि पुढच्याला काढायचं काम सुरू झालं. हात कातळावर होते, पण जो तो मान मागे वळवून आपलं चित्र कसं निघतंय यावर डोळा ठेवून होता. शेजारी असा मान वळवलेलाच दिसला, म्हणून प्रत्येकानं तो तसाच काढला. शेवटी कुणालाच खोट सापडली नाही. काटे पुरते होते आणि सशाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

पुढे म्हातारपणी सशानं नातीला ते चित्र दाखवलं. "बघ, पुरात आम्ही कसे एकमेकांच्या आधारानं बसलो होतो."

नातीनं एकेका चित्रावरून बोट फिरवलं.

"आजोबा, पाणी तर समोर आहे. मग सगळे मागे का बघताहेत? मागे वाघ होता?"

"नाही गं," ससा म्हणाला. "मागे आम्हीच होतो."